भीती खोटी नाही, मग समुपदेशनात करायचं काय?

पत्राचा सारांश: सोलापुरात समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या एक वाचक आठवड्यातले काही दिवस शहरातल्या दवाखान्यात बसतात आणि काही दिवस एका संस्थेबरोबर माढा-मोहोळ भागातल्या गावांत जातात. त्या लिहितात : "सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांचं बोलणं बदललं आहे. आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो, असं एक शेतकरी सांगतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी म्हणते, पुढं पाणीच उरणार नसेल तर नोकरी, लग्न, मूल हे सगळं कशासाठी? एप्रिल-मेमध्ये शहराच्या पूर्वभागातल्या यंत्रमाग कामगारांच्या घरातली भांडणं आणि दारू वाढते. चुकीचा विचार ओळखायचा, तपासायचा आणि बदलायचा, असं मी शिकले. पण यांचे विचार चुकीचे नाहीतच. धीर दिला तर खोटं बोलल्यासारखं वाटतं आणि 'खरं आहे' म्हटलं तर समोरचा आणखी खचतो. कर्जाबद्दल, पंचनाम्याबद्दल बोलू लागले तर हद्द ओलांडते का? हवामान माझ्या हातात नाही, मग माझं काम नेमकं काय? आणि आता रात्री पाऊस लागला की मलाही झोप येत नाही."

तुमच्या पत्रात एक गृहीत आहे, ते आधी बाजूला काढू. भीती खरी असेल तर तिच्यावर मानसोपचारात करण्यासारखं काही उरत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. पण कर्करोग झालेल्या माणसाची भीतीही खरीच असते. त्याला झोप यावी, त्यानं घरच्यांशी बोलावं, उपचाराचे निर्णय घ्यावेत यासाठी आपण मदत करतोच, आणि ती करताना 'तुम्हाला काही होणार नाही' असं कुणी शहाणा समुपदेशक म्हणत नाही. इथंही तसंच आहे. पूर पुन्हा येईल की नाही, हा तुमच्या खोलीत सुटणारा प्रश्न नाही. हा माणूस आज रात्री झोपेल का, जूनमध्ये पेरणीचा निर्णय घेऊ शकेल का, जिवंत राहील का, हे मात्र तुमच्या कामात येतं.

दुसरं गृहीत असं की हवामानामुळं येणारी अस्वस्थता हा एक आजार आहे आणि त्याला एक उपचार असायला हवा. निदानाच्या कुठल्याही मान्य यादीत असा आजार नाही, आणि नाही हे बरंच आहे. तुम्ही सांगितलेल्या तिघांचं दुखणं तीन तऱ्हेचं आहे. शेतकऱ्याचं नुकसान होऊन गेलं आहे. मुलीचं अजून व्हायचं आहे, ती पुढचं पाहून घाबरली आहे. कामगाराच्या बाबतीत तर उष्णता थेट शरीरावर काम करते आहे, आणि तो 'हवामान बदल' हा शब्दही उच्चारत नाही. त्याच्या तोंडी तो घालायची गरजही नाही. 'उकाड्यात झोप किती लागते?' एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होतं.

शेतकऱ्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त जोखीम तिथं आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं आणि सव्वा वर्षात सीनेकाठची माणसं पुरातून बाहेर काढावी लागली. सोलापूर जिल्ह्याला दुष्काळ माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घराघरांत आहेत, रोजगार हमी, छावणी, टँकर ही सगळी व्यवस्था लोकांना तोंडपाठ आहे. दुष्काळात काय करायचं हे आजोबा सांगू शकतात. सीनेच्या पुरात घर आणि रान एका रात्रीत जातं तेव्हा काय करायचं, हे सांगणारं घरात कुणी नाही. त्यामुळं तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचं पीक तर गेलंच, शिवाय आपल्याला आपल्या रानाची, आभाळाची जाण आहे हा त्याचा विश्वासही गेला. हे दुसरं नुकसान पंचनाम्यात येत नाही. ते त्याच्याकडून ऐकून घेणं हे तुमचं पहिलं काम. माती खरडून गेलेल्या जमिनीबद्दल, वाहून गेलेल्या म्हशीबद्दल बोलू द्या. 'जनावर परत घेता येईल' असं म्हणू नका. त्याला ते जनावर नावानं माहीत होतं.

मात्र ऐकून घेणं म्हणजे पुराची रात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावणं नव्हे. आपत्तीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून 'काय झालं ते मन मोकळं करून सांगा' अशी एकच बैठक घेण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. तिचा फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका म्हणते. पहिल्या काही आठवड्यांत पाहणं, ऐकणं आणि योग्य ठिकाणी जोडून देणं एवढंच पुरतं : कोण एकटं पडलं आहे, कुणाची बीपी-शुगरची गोळी पुरात गेली, कुणाला कुठल्या कार्यालयात पाठवायचं. बहुतेक माणसं यातून आपोआप सावरतात. महिना उलटूनही झोप नाही, पाण्याचा आवाज आला की दचकणं, रानाकडं फिरकायचं टाळणं, हे चालूच असेल तर पुढचं मूल्यमापन करा. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत वापरता येते. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. बेरीज १० किंवा जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवण्याचा विचार करा. पण बेरीज कितीही कमी असो, जीव देण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाचं उत्तर 'अजिबात नाही' याखेरीज काहीही आलं, तर तिथंच थांबून पुढं विचारा.

आणि सरळ विचारा. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. तो आधीच असेल तर सांगायला वाट मिळते. 'तसलं काही नाही ना मनात?' असं विचारू नका, त्यात 'नाही' हे उत्तर आधीच भरलेलं असतं. हो म्हणाले तर कधीपासून, काही ठरवलं आहे का, यापूर्वी प्रयत्न झाला होता का, दारू किती, हे त्याच बैठकीत कळलं पाहिजे. घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलं आहे, हा प्रश्न शेतकरी कुटुंबात प्रत्येक वेळी विचारावा, धोका दिसो न दिसो. औषध घरात आणि हाताशी नसणं यानं जीव वाचतात. अशा आवेगाचा जोर बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो आणि तेवढा वेळ मिळाला की माणूस टिकतो. म्हणून त्यांच्या संमतीनं पत्नीला किंवा भावाला बोलवा, शिल्लक डबे त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात जाऊ द्यात. धोका जवळचा वाटत असेल तर एकटं सोडू नका. शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात कुणासोबत तरी पाठवा आणि पोहोचले का याची फोन करून खात्री करा. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची, मोफत सेवा चोवीस तास चालते. ती मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही बोलते, हे आपल्या जिल्ह्यात विशेष कामाचं आहे. तो नंबर कागदावर लिहून देण्यापेक्षा तुमच्यासमोर त्यांच्या मोबाइलमध्ये जतन करून द्या.

आता तुमच्या हद्दीचा प्रश्न. कर्ज आणि पंचनामा यांबद्दल बोलणं हद्दीबाहेरचं नाही. भारतातल्या आत्महत्यांच्या आकडेवारीवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पिकाच्या हंगामात तापमान वाढलं की आत्महत्या वाढतात, पण शेतात पीक नसताना तेवढीच उष्णता वाढली तर तसा परिणाम दिसत नाही. म्हणजे उष्णता माणसापर्यंत पिकाच्या वाटेनं, पैशाच्या वाटेनं पोहोचते. ती वाट सोडून नुसता श्वासाचा व्यायाम शिकवला तर शेतकरी नम्रपणे मान डोलावतो आणि पुन्हा येत नाही.

फक्त काय करायचं आणि काय नाही हे स्पष्ट ठेवा. तुम्ही त्यांच्या वतीनं अर्ज भरायचे नाहीत, पैसे द्यायचे नाहीत, 'मदत मिळेलच' असं म्हणायचं नाही. तुम्ही प्रश्न सुटे करून द्यायचे. घोर लागलेल्या माणसाच्या डोक्यात सोसायटीचं कर्ज, बचत गटाचा हप्ता, सावकार, विहिरीतला गाळ, जळालेली मोटार, मुलीची फी हे सगळं एकच संकट होऊन बसतं. एका कागदावर सगळं लिहून काढा. मग प्रत्येकापुढं खूण करा : सुटण्यासारखं, आपल्या हातात नसलेलं, आत्ता बाजूला ठेवता येण्यासारखं. सुटण्यासारख्यातलं एक निवडा आणि पुढच्या भेटीपर्यंतचं एक पाऊल ठरवा, दिवस आणि वेळेसकट. 'बँकेत जाऊन येतो' हे पाऊल नाही. 'मंगळवारी अकराला चुलत भावाला घेऊन शाखेत जाणार आणि कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून घेण्याबद्दल, विचारणार' हे पाऊल आहे. पाऊल मोठं ठेवलं तर ते होत नाही, आणि न झालेलं पाऊल निराश माणसाला आपल्या नालायकीचा पुरावा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेची 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पद्धत याच धाटणीची आहे : आठवड्याला एक अशा पाच बैठका, प्रत्येकी दीड तास, ज्यांत ताण हलका करणं, समस्या हाताळणं, थांबलेली कामं पुन्हा सुरू करणं आणि माणसं जोडणं शिकवलं जातं. प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर तुमच्या संस्थेतल्या कार्यकर्त्यांनाही ती चालवता येते. गंभीर नैराश्य किंवा जिवाला धोका असेल तिथं मात्र ती एकटी पुरत नाही.

थोडी माहिती तुमच्याकडं असू द्या. नुकसानभरपाई बहुतेक वेळा ई-केवायसी, फार्मर आयडी, आधार-बँक जोडणी किंवा सामाईक खातेदारांच्या संमतीपत्रावर अडकते. यातलं नेमकं काय अडलं हे तलाठ्यांकडं कळतं. पीकविम्याचे नियम बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षीचं ऐकीव सांगू नका, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं पाठवा. बेकायदा सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं होते, कायदा २०१४ चा आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. हे चार पत्ते एका कागदावर छापून टेबलावर ठेवलेत की बैठकीतला वेळ माणसाला देता येतो.

'विचार चुकीचे नाहीतच' या तुमच्या अडचणीचं उत्तरही प्रश्न सुटे करण्याच्या त्या कागदातच आहे. 'सीना पुन्हा चढू शकते' ही वस्तुस्थिती आहे, तिला हात लावू नका. 'म्हणून आता काही लावण्यात अर्थ नाही', 'मी कर्ता पुरुष म्हणून संपलो', 'मी नसलो तर घरच्यांचं बरं होईल' हे तिच्यावरून काढलेले निष्कर्ष आहेत आणि ते तपासता येतात. तुम्ही शिकलात ते इथं जसंच्या तसं उपयोगी पडतं, फक्त एक पायरी पुढं सरकून. 'पुन्हा पूर येईल का हो?' असं तोंडावर विचारलं तर म्हणा, 'येऊ शकतो. आला तर या वेळी आधी काय उचलायचं, ते ठरवून ठेवू या.' कागदपत्रांची पिशवी, गोळ्या, जनावरं कुठं न्यायची, म्हाताऱ्या आईला कोण घेणार, धरणातून पाणी सोडल्याची बातमी कोणाकडून खरी मानायची. तयारीचा हा कागद पूर अडवत नाही, पण रात्रभर जागून नदीचा आवाज ऐकत बसणाऱ्याला पाठ टेकता येते.

कामगारांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण तिथं तुमच्या हातून बरंच होऊ शकतं.

पत्र्याचं घर दिवसभर तापतं आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये उकाडा आणि दमटपणा. त्यात काही दिवसांआड येणारं पाणी रात्री-अपरात्री आलं तर बाई भरायला उठणार. झोप तुटली की चिडचिड, चिडचिडीला दारू, आणि मार बहुतेक वेळा बाईला आणि मुलांना. उकाडा हे चिडचिडीचं कारण आहे, हात उगारायला सबब नाही. त्यामुळं नवरा-बायकोला एकत्र बसवण्याआधी तिला एकटीला भेटून 'घरी भीती वाटते का?' हे विचारा. झोपेसाठी साध्या गोष्टी आधी : मार्चमध्येच पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात, झोपण्याआधी ओल्या फडक्यानं अंग पुसणं, रात्रपाळीवाल्यासाठी घरातला सर्वांत कमी तापणारा कोपरा.

याहून तातडीचं म्हणजे औषधं. मनोविकाराच्या काही गोळ्या आणि उष्णता यांचं जमत नाही. लिथियम हे मनःस्थितीचे टोकाचे चढ-उतार आवरणारं औषध घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, उलटी-जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं ही विषबाधेची लक्षणं असू शकतात, त्यात थांबून चालत नाही. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळीनंही ही पातळी चढते. मनोविकाराच्या औषधांमुळं येणारा कंप-ताठरपणा कमी करायला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी घाम कमी करते आणि स्किझोफ्रेनियावरची अनेक औषधं शरीराची तापमान सांभाळण्याची ताकद कमी करतात. असा माणूस दुपारी शेडमध्ये उभा राहिला तर उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. डोस बदलणं तुमचं काम नाही आणि घाबरून गोळ्या बंद करायला सांगणं तर त्याहून धोक्याचं. पण फेब्रुवारीअखेर तुमच्याकडच्या अशा सगळ्यांची यादी काढून त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवणं तुम्हाला जमेल. रोजे, निर्जळी उपवास किंवा आषाढीची पायी वारी करणारे कोण, हेही त्या यादीत लिहा, म्हणजे डॉक्टरांना आधी बोलता येईल. घरच्यांना एवढं सांगा : अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे असं दिसलं की सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता ती मुलगी. ती एकटी नाही. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुला-मुलींना विचारलं तेव्हा ५९ टक्क्यांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं, आणि रोजच्या जगण्यावर परिणाम होतो म्हणणारे ४५ टक्क्यांहून जास्त होते. मूल होऊ द्यायचं की नाही यावर तिच्याशी वाद घालू नका. तो तिचा निर्णय आहे आणि आज घ्यायचाही नाही. पाहायचं ते एवढंच की ही काळजी तिला कामाला लावते आहे की जागच्या जागी बसवते आहे. जेवण, झोप, अभ्यास, मैत्रिणी सगळंच सुटलं असेल तर नैराश्य तपासा. कधी कधी परीक्षेतलं अपयश किंवा घरचा लग्नाचा लकडा 'जगच बुडणार आहे' या मोठ्या वाक्याखाली लपलेला असतो. पण तसं नसेल तर उगाच शोधतही बसू नका. तिची काळजी जगाबद्दलचीच असू शकते.

तिच्यासाठी बातम्यांना वेळ बांधून द्या : दिवसातून वीस मिनिटं, अंथरुणावर नाही. एकटीनं आणखी वाचण्यापेक्षा सहा-आठ जणांचा गट चांगला. कामही असं निवडा की ज्याचा शेवट दिसतो : वसतिगृहात रोज किती पाणी वाया जातं ते महिनाभर मोजून वॉर्डनपुढं मांडणं, लावलेली झाडं मेपर्यंत किती जगली ते पाहणं. अपराधी वाटणाऱ्यांना प्रमाणाचं भान द्या. भारतात माणशी कार्बन उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी, आणि सोलापुरातल्या वसतिगृहातल्या मुलीचं त्याहून कमी असणार. तुमची स्वतःची मतं किंवा एखादी मोहीम मात्र तिच्यावर लादू नका. तुमच्या खोलीत ती कार्यकर्ती होण्यासाठी आलेली नाही.

राहता राहिली तुमची झोप. पूरग्रस्तांच्या बैठका एका दिवशी तीनहून जास्त ठेवू नका आणि त्यांतली शेवटची संध्याकाळी नको. पंधरा दिवसांतून एकदा ज्येष्ठ सहकाऱ्यापुढं एक केस मांडायची वेळ ठरवून घ्या, फोनवर चालेल. पावसात झोप न येणं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं, किंवा गावात जायचं टाळावंसं वाटू लागलं, तर तुम्हीही कुणाकडं तरी जा. तोपर्यंत पुढच्या बैठकीत त्या शेतकऱ्यांनी 'तुम्हाला नाही का भीती वाटत?' असं विचारलं तर 'वाटते' असं एका शब्दात सांगायला हरकत नाही. मग लगेच त्यांच्या कागदाकडं वळा आणि मंगळवारी बँकेत काय झालं ते विचारा.